घरच्या संगणकावर ‘कंटेनर’ : डॉकर बसविताना आणि चालविताना

एखादी आज्ञावली एका संगणकावर बिनतक्रार चालते आणि तीच दुसऱ्या संगणकावर नेली की हटून बसते, हा अनुभव संगणकावर काम करणाऱ्या कोणालाही नवा नाही. कारण बहुधा क्षुल्लक असते. एकीकडे पायथन भाषेची आवृत्ती नवी असते, दुसरीकडे जुनी. एकीकडे डेटाबेस असतो, दुसरीकडे तो बसवायचाच राहून गेलेला असतो. आज्ञावलीला लागणारा हा सारा शिधा तिच्याबरोबरच बांधून द्यावा, म्हणजे ती कोठेही गेली तरी तिचे अडणार नाही, या विचारातून ‘कंटेनर’ हे तंत्र रूढ झाले.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर ते स्थिरावले त्याला दशक उलटून गेले. दरम्यान अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर, घरून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरच्या मेजावर आणि लहानसहान कार्यालयांतील संगणकांवरही ते येऊन पोहोचले आहे. बसविण्याचे काम फार तर अर्ध्या तासाचे असते. तक्रारी त्यानंतर सुरू होतात. संगणक मंदावला, हार्ड डिस्क भरत चालली आणि सर्वांत वाईट म्हणजे काल भरलेली माहिती आज सापडत नाही. या तक्रारींच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी असतात. कंटेनर ही मुळात लिनक्सची वस्तू आहे, त्यामुळे विंडोजवर किंवा मॅकवर तो चालतो तेव्हा पडद्याआड एक संपूर्ण लिनक्स संगणक चालू असतो. आणि कंटेनर स्वतः टिकण्यासाठी केलेलाच नसतो. हे ध्यानात ठेवून प्रतिष्ठापना केली तर पुढचा बराचसा मनस्ताप टळतो.

(या लेखात संगणकाला द्यावयाच्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत व अंकांत टंकित कराव्या लागतात.)

गोदीतून आलेले नाव

‘डॉकर’ हा शब्द इंग्लंडमध्ये गोदी कामगारासाठी वापरला जातो. नावामागची कल्पनाही गोदीतलीच आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ मोठे धातूचे खोके न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. तोपर्यंत पोती, पिंपे आणि पेट्या एकेक करून जहाजात चढवाव्या लागत. आज न्हावा शेवा बंदरातील क्रेनला खोक्यात यंत्राचे सुटे भाग आहेत की कांदा, याच्याशी कर्तव्य नसते. ठरलेल्या मापाचा खोका उचलणे एवढेच तिचे काम. संगणकातील कंटेनरचेही तसेच आहे. आत पायथन असो वा जावा, बाहेरून तो सुरू करण्याची आणि थांबविण्याची रीत एकच असते.

आज्ञावलीला तिच्या भोवतालापासून वेगळे ठेवण्याची धडपड मात्र जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ ही सोय आली. फ्रीबीएसडी प्रणालीत २००० साली ‘जेल’ आले. लिनक्समध्ये एकेका आज्ञावलीने किती मेमरी आणि प्रोसेसर वापरावा यावर मर्यादा घालणाऱ्या ‘सीग्रुप्स’वर गुगलच्या अभियंत्यांनी २००६ च्या सुमारास काम सुरू केले व जानेवारी २००८ मधील लिनक्स कर्नलमध्ये ते समाविष्ट झाले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाईक्स यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथन परिषदेत पाचेक मिनिटांच्या छोटेखानी भाषणात ‘डॉकर’ लोकांपुढे ठेवले, तेव्हा वेगळे ठेवण्याची ही यंत्रणा लिनक्समध्ये तयारच होती. हाईक्स यांच्या ‘डॉटक्लाउड’ या कंपनीचे योगदान वेगळे होते. आज्ञावली आणि तिचा शिधा यांचे एक सुटसुटीत गाठोडे बांधायचे, ते महाजालावर ठेवायचे आणि कोणीही एका आज्ञेने ते उतरवून घ्यायचे, ही रीत त्यांनी घालून दिली. त्याच वर्षी कंपनीने स्वतःचे नावही बदलून ‘डॉकर’ असे ठेवले.

या गाठोड्याला ‘इमेज’ म्हणतात. आणि ती चालू केली की जे आकाराला येते तो ‘कंटेनर’. हा भेद नवशिक्याला नेहमी चकवतो. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो गणेशमूर्ती निघतात. मूर्ती रंगविली म्हणून साचा बदलत नाही आणि मूर्तीचे विसर्जन झाले म्हणून साचाही बुडत नाही. इमेज हा साचा, कंटेनर ही मूर्ती. मूर्तीवरचा रंग मात्र मूर्तीबरोबरच जातो. माहिती गायब होण्याच्या तक्रारीचे उत्तर येथेच आहे. त्याकडे पुढे वळू.

विंडोजवर

कंटेनर स्वतःचा कर्नल, म्हणजे संगणकाच्या यंत्रभागाशी थेट बोलणारा संचालन प्रणालीचा गाभा, बरोबर आणत नाही. तो यजमानाचा कर्नल उसना घेतो, म्हणूनच तो सेकंदभरात सुरू होतो आणि थोडक्या मेमरीत भागवतो. लिनक्स कंटेनरला अर्थातच लिनक्सचा कर्नल हवा. विंडोजमध्ये तो नसल्यामुळे आधी आणून ठेवावा लागतो. सुरुवातीच्या काळात यासाठी व्हर्च्युअलबॉक्सवर एक छोटा लिनक्स चढवावा लागे. २०१६ साली ‘डॉकर फॉर विंडोज’ आणि ‘डॉकर फॉर मॅक’ आले व ही कसरत संपली. मे २०२० च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डब्ल्यूएसएल २’ ही सोय दिली. तीत खराखुरा लिनक्स कर्नल विंडोजच्या कुशीत चालतो. आजचे ‘डॉकर डेस्कटॉप’ विंडोजवर सर्वसाधारणपणे याच सोयीवर उभे असते.

यंत्र कसे हवे? ६४ बिट प्रोसेसर अनिवार्य आहे. ८ गिगाबाइट मेमरीवर काम चालते, परंतु ब्राउझर उघडा ठेवून सुखाने काम करावयाचे तर १६ हवी. डिस्क एसएसडी असावी. जुन्या फिरत्या डिस्कवर हा खटाटोप न केलेलाच बरा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला असल्याने नव्याने बसविणाऱ्याने विंडोज ११ वरच बसवावे. ‘होम’ आवृत्ती चालते, त्यासाठी ‘प्रो’ विकत घेण्याचे कारण नाही.

प्रतिष्ठापनेआधी एक तपासणी करावी. टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ या पानावर सीपीयूची माहिती उघडली की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ असे लिहिलेले दिसते. त्यापुढे ‘एनेबल्ड’ असेल तर उत्तम. ‘डिसेबल्ड’ असेल तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये शिरावे लागते. इंटेलच्या यंत्रांत ही कळ ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने, तर एएमडीच्या यंत्रांत बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने असते. बसविणे फसण्याचे हे सर्वांत सर्रास आढळणारे कारण आहे आणि डॉकर पुन्हापुन्हा काढून बसविल्याने ते दूर होत नाही.

त्यानंतर पॉवरशेल ‘अॅडमिनिस्ट्रेटर’च्या अधिकाराने उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. डब्ल्यूएसएल आधीपासून असेल तर ‘डब्ल्यूएसएल --अपडेट’ पुरेसे आहे. मग डॉकरच्या अधिकृत संकेतस्थळावरून डॉकर डेस्कटॉप उतरवून घ्यावे. ते काहीशे मेगाबाइटचे असते. अन्य संकेतस्थळांवर मिळणाऱ्या प्रतींच्या वाटेला जाऊ नये. बसविताना ‘डब्ल्यूएसएल २ वापरावे काय’ असे विचारले जाते. तेथील खूण तशीच राहू द्यावी. पहिल्यांदा उघडताना खाते काढण्याचा आग्रह होतो, परंतु तो टप्पा ओलांडून पुढे जाता येते. खालच्या पट्टीत देवमाशाचे चिन्ह स्थिर झाले की यंत्रणा सुरू झाली असे समजावे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काम सोपे आहे. उतरवून घेताना अॅपलच्या स्वतःच्या चिपसाठीची आणि इंटेलसाठीची अशा दोन प्रती दिसतात, त्यांतली योग्य ती निवडावी. डॉकर डेस्कटॉप मॅकओएसची चालू आणि तिच्या मागील दोन मुख्य आवृत्त्यांवरच चालते, त्यामुळे जुन्या मॅकवाल्यांनी आधी आपली आवृत्ती पाहावी. अॅपलच्या चिपची एक वेगळी अडचण असते. तिची भाषा इंटेल-एएमडीहून निराळी असल्याने केवळ त्यांच्यासाठी बनविलेली इमेज तीवर अनुवाद करून चालवावी लागते. ती मंद चालते, क्वचित चालतच नाही. प्रसिद्ध इमेज आता दोन्ही प्रकारांत उपलब्ध असतात. अडचण येते ती कार्यालयात कोणी जुन्या इंटेल यंत्रावर बनवून ठेवलेल्या इमेजची.

लिनक्सवर पडद्याआडचा संगणक लागत नाही, कारण यजमानच लिनक्स असतो. येथे डॉकर डेस्कटॉप घेण्यापेक्षा नुसते ‘डॉकर इंजिन’ बसविणे शहाणपणाचे. मे २०२२ पासून लिनक्ससाठीही डेस्कटॉप आवृत्ती आहे, पण ती एकरूपतेच्या हट्टापायी लिनक्सच्या पोटात दुसरा लिनक्स चालविते. उबंटूच्या स्वतःच्या भांडारातील पॅकेजचे नाव ‘डॉकर.आयओ’ असे चमत्कारिक का, असा प्रश्न अनेकांना पडतो. ‘डॉकर’ नावाचे एक जुने, अगदीच वेगळ्या कामाचे पॅकेज डेबियनमध्ये आधीपासून ठाण मांडून बसले होते, एवढेच त्याचे कारण. ताजी आवृत्ती हवी असेल तर डॉकरचे स्वतःचे भांडार जोडून घ्यावे.

लिनक्सवर दर वेळी ‘सूडो’ लिहावे लागू नये म्हणून आपले नाव ‘डॉकर’ गटात घालावे, असा सल्ला जागोजागी दिला जातो. त्या गटातील माणूस कंटेनरच्या वाटेने संपूर्ण संगणकाचा मालक होऊ शकतो, हे मात्र त्याबरोबर क्वचितच सांगितले जाते. स्वतःच्या लॅपटॉपवर ते चालेल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर सर्व विद्यार्थ्यांना त्या गटात घालणे म्हणजे सर्वांना तिजोरीची किल्ली देण्यासारखे आहे.

पहिली आज्ञा

यंत्रणा नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी ‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’ ही आज्ञा द्यावी. अवघ्या काही किलोबाइटची इमेज उतरते, चालते, अभिनंदनाचा मजकूर पडद्यावर उमटवते आणि संपते. त्या मजकुरातच पडद्याआड कोणत्या चार पायऱ्या पार पडल्या ते लिहिलेले असते. तो वाचून सोडून देण्यासारखा नाही.

आता खरे उदाहरण घेऊ. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस संगणकावर कायमचा न बसविता वापरावयाचा आहे. ‘डॉकर रन’ नंतर ‘--नेम’ लिहून कंटेनरला नाव द्यावे. न दिल्यास डॉकर स्वतःच एखादे विनोदी नाव ठेवतो. ‘-डी’ लिहिले की कंटेनर पार्श्वभूमीत चालतो. ‘-ई’ या खुणेपुढे ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे चल मोठ्या अक्षरांत लिहून त्याला परवलीचा शब्द द्यावा लागतो, त्यावाचून ही इमेज सुरूच होत नाही. ‘-पी’ पुढे दरवाजाचा क्रमांक आणि ‘-व्ही’ पुढे माहिती साठविण्याची जागा येते. सरतेशेवटी इमेजचे नाव, अपूर्णविराम आणि आवृत्ती: ‘पोस्टग्रेस:१७’.

आवृत्ती लिहिण्याचा कंटाळा करू नये. ती लिहिली नाही तर डॉकर ‘लेटेस्ट’ असे गृहीत धरतो. आज त्याचा अर्थ एक असतो, सहा महिन्यांनी वेगळा. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीची माहिती-फाईल उघडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीच्या इमेजमध्ये तर माहिती ठेवण्याची जागाच बदलली आहे. १७ पर्यंत ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’ या पत्त्यावर व्हॉल्यूम जोडावयाचा असे, १८ पासून तो शेवटचा ‘डेटा’ वगळून जोडावा लागतो. जुन्या लेखांतील आज्ञा डोळे मिटून उतरवून घेणाऱ्यांची येथे गाडी अडते.

चालू कंटेनरांची यादी ‘डॉकर पीएस’ने मिळते, थांबलेलेही पाहावयाचे तर शेवटी ‘-ए’ जोडावे. ‘डॉकर लॉग्स’ आणि कंटेनरचे नाव लिहिले की आतली नोंदवही दिसते. काही बिघडले तर प्रथम हीच वाचावी. या नोंदींतील वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे दिसली तर तो बिघाड नाही. बहुतेक इमेजांतले घड्याळ जागतिक प्रमाणवेळ दाखवते. ‘टीझेड’ या चलाला ‘एशिया/कोलकाता’ हे मूल्य दिले की बहुतेक ठिकाणी ते जुळते.

माहिती राहते कोठे?

कंटेनर थांबविणे आणि काढून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘डॉकर स्टॉप’ने तो थांबतो, आत लिहिलेले सर्व जसेच्या तसे राहते आणि ‘डॉकर स्टार्ट’ने पुन्हा समोर येते. ‘डॉकर आरएम’ने मात्र त्याचे विसर्जन होते. इमेजचे थर केवळ वाचण्यापुरते असतात. कंटेनर सुरू होताना त्यांवर लिहिण्याचा एक पातळ थर चढतो आणि विसर्जनाबरोबर तो थर जातो. संगणक बंद-चालू करून आठवडाभर सारे ठीक चालते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. एके दिवशी नवी आवृत्ती चढविण्यासाठी जुना कंटेनर काढून नवा उभा केला जातो आणि त्यात एकही नोंद नसते. संस्थेच्या सभासदांची यादी किंवा विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प अशा वेळी पणाला लागलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे ‘व्हॉल्यूम’. ही कंटेनरच्या बाहेरची, डॉकरने सांभाळलेली साठवण. तिला नाव देऊन कंटेनरला जोडली की कंटेनर कितीही वेळा काढला तरी ती शाबूत राहते. वरच्या उदाहरणात ‘-व्ही’पुढे व्हॉल्यूमचे नाव, अपूर्णविराम आणि कंटेनरमधील पत्ता लिहावयाचा तो यासाठीच.

व्हॉल्यूम न जोडताच ज्यांनी पोस्टग्रेसचा कंटेनर काढून टाकला आहे त्यांनी लगेच हाय खाऊ नये. या इमेजमध्ये अशी तरतूद आहे की नाव दिले नाही तरी एक निनावी व्हॉल्यूम आपोआप तयार होतो, आणि साध्या ‘डॉकर आरएम’ने तो नष्ट होत नाही. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ ही आज्ञा दिली की लांबलचक अक्षर-अंकांच्या नावाखाली तो तेथेच पडलेला आढळण्याची शक्यता असते व नव्या कंटेनरला जोडता येतो. कंटेनर सुरू करतानाच ‘--आरएम’ हा शब्द लिहिलेला असेल किंवा नंतर ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ने साफसफाई झाली असेल, तर मात्र तो गेलाच. म्हणून माहिती दिसेनाशी झाल्यावर पहिला नियम असा की सफाईची कोणतीही आज्ञा देऊ नये.

व्हॉल्यूम ही काही राखीव प्रत नव्हे; डिस्क बिघडली की तोही जातो. पोस्टग्रेसची प्रत ‘पीजी_डम्प’ने काढतात. मराठी मजकूर असलेल्यांसाठी येथे एक खास सापळा आहे. विंडोजमध्ये आपसूक मिळणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘डॉकर एक्झेक’ने पीजी_डम्प चालवून त्याचे उत्तर ‘>’ या चिन्हाने फाईलमध्ये वळविले, तर पॉवरशेल मधल्यामध्ये अक्षरसंच बदलतो. इंग्रजी मजकूर तगतो, देवनागरीचा मात्र चुराडा होतो; आणि हे कळते ते प्रत परत चढविण्याची वेळ आल्यावर. त्यामुळे पीजी_डम्पला ‘-एफ’ देऊन फाईल कंटेनरच्या आतच लिहून घ्यावी आणि मग ‘डॉकर सीपी’ने ती बाहेर काढावी. प्रत काढल्यावर एकदा दुसऱ्या रिकाम्या कंटेनरमध्ये चढवून नावे नीट वाचता येतात का तेही पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

दोन-तीन कंटेनर एकत्र लागत असतील, उदाहरणार्थ वर्डप्रेस आणि त्याच्यासाठी मारियाडीबी, तर लांबलचक आज्ञा लिहिण्याऐवजी सर्व तपशील एका फाईलमध्ये लिहून ‘डॉकर कम्पोज अप -डी’ म्हणावे. जुन्या पुस्तकांत ‘डॉकर’ आणि ‘कम्पोज’ यांच्या मध्ये जोडरेघ दिसते. त्या जुन्या आवृत्तीची डागडुजी जुलै २०२३ पासून बंद झाली असून आता जोडरेघेऐवजी मोकळी जागा सोडावयाची. ‘डॉकर कम्पोज डाउन’ने कंटेनर जातात, नाव दिलेले व्हॉल्यूम राहतात. त्यापुढे ‘-व्ही’ हे एवढेसे अक्षर लागले की व्हॉल्यूमही जातात. ‘डॉकर रन’मध्ये माहिती टिकविणारे हेच अक्षर येथे ती पुसणारे ठरावे, ही रचनाकारांची मोठीच गफलत म्हटली पाहिजे.

मेमरी आणि डिस्क

डब्ल्यूएसएलला संगणकाच्या निम्म्या मेमरीपर्यंत मजल मारण्याची मुभा असते. ८ गिगाबाइटच्या यंत्रात पडद्याआडच्या लिनक्सने ४ घेतले की विंडोज आणि ब्राउझर यांची उरलेल्यात ओढाताण होते. विंडोजमधील आपल्या वैयक्तिक फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची, टिंबाने सुरू होणारी साधी मजकूर-फाईल तयार करावी; पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘डब्ल्यूएसएल२’ आणि दुसरीत ‘मेमरी=३जीबी’ असे लिहावे व ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ ही आज्ञा द्यावी. मर्यादा लागू होते. मॅकवर हीच मर्यादा डॉकर डेस्कटॉपच्या ‘रिसोर्सेस’ या पानावर घालता येते.

डिस्कचे दुखणे अधिक चिवट आहे. पडद्याआडच्या लिनक्सची संपूर्ण डिस्क ही विंडोजच्या दृष्टीने एकच मोठी फाईल असते. आत इमेज वाढल्या की ती फुगते, पण आतील इमेज काढून टाकल्या तरी सहसा आपणहून आकसत नाही. ‘डॉकर सिस्टम डीएफ’ने आत किती जागा गुंतली आहे ते कळते, ‘डॉकर सिस्टम प्रून’ने वापरात नसलेले साहित्य जाते, तरीही विंडोजला जागा परत मिळावयाची तर डब्ल्यूएसएल बंद करून ‘डिस्कपार्ट’सारख्या साधनाने ती फाईल दाबून लहान करावी लागते. सी ड्राइव्ह लहान असेल तर सुरुवातीलाच डॉकरच्या मांडणीत डिस्कची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर हलविणे सोयीचे. अडचणीच्या वेळी ‘ट्रबलशूट’ पानावरील ‘पर्ज डेटा’ हे बटण मोहात पाडते. ते सर्व व्हॉल्यूमांसह सारे पुसून टाकते.

कामाच्या फाईली कोठे ठेवल्या आहेत यावरही वेग अवलंबून असतो. त्या सी ड्राइव्हवर ठेवून कंटेनरला जोडल्या तर प्रत्येक वाचन-लेखन विंडोज आणि लिनक्स यांच्यातील सीमा ओलांडून करावे लागते. हजारो लहान फाईलींच्या प्रकल्पात हा फरक डोळ्यांना दिसतो. तेच फोल्डर डब्ल्यूएसएलमधील उबंटूच्या आत ठेवले की काम झपाट्याने होते.

दार कोणासाठी उघडे?

‘-पी ५४३२:५४३२’ असे लिहिले की डेटाबेसचा दरवाजा केवळ आपल्या संगणकापुरता उघडत नाही. ज्या जाळ्यात संगणक आहे त्या जाळ्याकडेही तो उघडतो. कार्यालयातील वाय-फायवर असा डेटाबेस आणि ‘१२३४’ सारखा परवलीचा शब्द म्हणजे आमंत्रणच. लिनक्सवर तर डॉकर कर्नलमधील नियम स्वतः लिहितो, त्यामुळे ‘यूएफडब्ल्यू’ या अग्निभिंतीने बंद केलेला दरवाजाही उघडा राहतो. क्रमांकांच्या आधी आपल्याच संगणकाचा पत्ता लिहावा: ‘-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२’. मग बाहेरच्याला आत येता येत नाही.

इमेज कोणाची, हाही प्रश्न विचारला पाहिजे. २०१८ साली ‘डॉकर हब’ या सार्वजनिक भांडारात एकाच खात्यावरून चढविलेल्या १७ घातक इमेज सापडल्या. त्या ५० लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतल्या गेल्या होत्या आणि वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर गुपचूप आभासी चलन तयार करीत होत्या. ‘डॉकर ऑफिशियल इमेज’ किंवा ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ अशी खूण असलेल्या इमेजच घ्याव्यात. कंटेनर म्हणजे अभेद्य तिजोरी आहे असेही समजू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीतून कंटेनरमधील आज्ञावलीला थेट यजमानाचा ताबा घेता येत होता. ती तातडीने बुजविण्यात आली, म्हणजे अद्ययावत आवृत्ती असणाऱ्यांपुरती बुजली.

नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबवरून विनामूल्य इमेज उतरविण्यावर मर्यादा आहे. खाते नसलेल्यांची मोजदाद महाजालावरील पत्त्यावरून होते, आणि आपल्याकडे अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. त्यामुळे आपण एकही इमेज उतरविली नसताना ‘फार विनंत्या झाल्या’ असा निरोप येऊ शकतो. विनामूल्य खाते काढून ‘डॉकर लॉगइन’ केले की हे थांबते.

परवाना आणि पर्याय

डॉकर इंजिन मुक्त स्रोत असून कोणालाही विनामूल्य वापरता येते. विंडोज व मॅकवरील डॉकर डेस्कटॉपची गोष्ट वेगळी आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तिच्या अटी बदलल्या. वैयक्तिक वापर, शिक्षण, अव्यावसायिक मुक्त स्रोत प्रकल्प आणि लहान उद्योग यांना ती विनामूल्य आहे. लहान उद्योग म्हणजे कर्मचारी २५० हून कमी आणि वार्षिक उत्पन्नही १ कोटी डॉलरहून कमी. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. सरकारी आस्थापनांनाही शुल्क भरावे लागते. म्हणजे हिंजवडीतील मोठ्या कंपनीच्या अभियंत्याने कार्यालयीन लॅपटॉपवर ती परस्पर बसविली तर जबाबदारी कंपनीवर येते.

शुल्क टाळावयाचे तर पर्याय आहेत, कारण २०१५ साली स्थापन झालेल्या ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’मुळे इमेजचे माप सर्वांसाठी एकच ठरले आहे. रेड हॅटने सुरू केलेले ‘पॉडमॅन’ हे सर्वांत परिचित. ते सतत चालणाऱ्या सर्वाधिकारी सेवेविना, सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात कंटेनर चालविते, आणि त्याच्या बहुतेक आज्ञा डॉकरसारख्याच आहेत. सुसे कंपनीचे ‘रँचर डेस्कटॉप’ही विनामूल्य आहे. डब्ल्यूएसएलमधील उबंटूत थेट डॉकर इंजिन बसविणे हा तिसरा मार्ग. त्यात खिडक्या-बटणे नसतात, पण आज्ञा लिहावयाची सवय झालेल्याचे त्यावाचून अडत नाही. अॅपलनेही जून २०२५ मध्ये मॅकसाठी स्वतःचे मुक्त स्रोत साधन पुढे आणले. त्यात प्रत्येक कंटेनरसाठी वेगळा चिमुकला लिनक्स उभा राहतो.

डॉकर डेस्कटॉप सोडून यांपैकी एकाकडे वळताना एक क्रम पाळावा लागतो. डॉकर डेस्कटॉप अनइन्स्टॉल केले की त्याच्यातील इमेज आणि कंटेनर यांच्याबरोबर सर्व व्हॉल्यूमही जातात, नाव दिलेलेसुद्धा. इमेज पुन्हा उतरविता येतात. व्हॉल्यूममधील माहिती कोठूनही उतरत नाही. तेव्हा आधी प्रत्येक डेटाबेसची प्रत बाहेर काढावी, ती नव्या साधनात चढवून तपासावी, आणि जुने काढणे सर्वांत शेवटी करावे. दोन्ही साधने काही दिवस एकाच संगणकावर नांदू शकतात. फक्त एकच दरवाजा-क्रमांक दोघांनी एकाच वेळी मागू नये.